काळाची बारा घरे

लोह्याच्या बसस्थानकावर सकाळी दहा मिनिटे उभे राहावे. व्याकरणाच्या पुस्तकातला काळ तिथे कोणी जुमानत नाही असे लक्षात येते. नांदेडहून येणारी लातूर गाडी अजून वळणावर असते, तिचे नुसते टप दिसते, आणि बाकावरची मंडळी पिशव्या उचलत ओरडतात, ‘आली, आली!’ चहा सांगितला की हॉटेलातला पोऱ्या जागचा हलत नाही, पण ‘आणला’ म्हणतो. फोनवर कोणी विचारले की घरातच पायताण शोधणारा माणूस ‘निघालो की’ म्हणून सांगतो. आणि निरोप घेणारा माणूस ‘जातो’ असे कधीच म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. जी यायची आहे ती आली, जो आणायचा आहे तो आणला, आणि जो चालला आहे तो म्हणतो येतो. एवढे होऊनही कोणाचा गोंधळ होत नाही आणि कोणाची गाडी चुकत नाही.

याच गाड्यांमधून आसपासच्या खेड्यांतली पोरे उतरतात, शाळेत जातात आणि इंग्रजीच्या तासाला फळ्यावर एक तक्ता बघतात. वर तीन रकाने : वर्तमान, भूत, भविष्य. बाजूला चार ओळी : साधा, चालू, पूर्ण, चालू पूर्ण. तीन चोक बारा. कुंडलीत जशी बारा घरे असतात तशी ही इंग्रजीच्या काळाची बारा घरे. प्रत्येक घरात एकेक वाक्य, त्याखाली त्याचा मराठी अर्थ. तक्ता पाठ केला की इंग्रजी आले, असा साधारण समज. मीही अशाच एका शाळेत बरीच वर्षे इंग्रजी शिकवले, आणि हा तक्ता रंगीत खडूने काढण्यात माझा हातखंडा होता. तो का चुकतो, हे मात्र मला फार उशिरा कळले.

एका मुलाने उत्तरपत्रिकेत ‘डिड यू वेन्ट’ असे लिहिले होते. मी त्यावर तांबडी रेघ मारली. पुढच्या चाचणीत पुन्हा तेच, पुन्हा रेघ. सहामाहीला त्याने विचारले, ‘सर, कालची गोष्ट हाय तर वेन्ट का नाही?’ मी म्हणालो, ‘डिडच्या पुढे पहिले रूप येते, पाठ कर.’ मुलाचा प्रश्न बरोबर होता. माझे उत्तर हे उत्तरच नव्हते. तो दहावीला इंग्रजीत नापास झाला आणि त्याची शाळा तिथे संपली. या भागात अशी कितीतरी घरे सापडतील, जिथे ‘पोरगं हुशार होतं, पण इंग्रजीत गेलं’ हे वाक्य ऐकायला मिळते. मराठी शाळांमधून पूर्वी पाचवीपासून इंग्रजी असे. २००० सालापासून ते पहिलीपासून आले. वर्षे वाढली, पण फळ्यावरचा तक्ता तोच राहिला.

घोटाळ्याची सुरुवात मला वाटते एका शब्दापासून होते. तो शब्द म्हणजे ‘काळ’. इंग्रजीत घड्याळातल्या काळाला ‘टाइम’ म्हणतात आणि क्रियापदाच्या रूपाला ‘टेन्स’. दोन वेगळ्या वस्तू, दोन वेगळी नावे. आपण दोन्हींना काळच म्हणतो. साहजिकच मुलाला वाटते की भूतकाळ म्हणजे होऊन गेलेली गोष्ट, आणि तिच्यातल्या प्रत्येक क्रियापदाला भूतकाळाचे रूप हवे. घरी तो ‘आलोच’ म्हणतो तेव्हा रूप भूतकाळाचे आणि वेळ पुढची असते, हे त्याला कोणी दाखवत नाही. इंग्रजीतही तेच आहे. उद्याच्या गाडीबद्दल ‘द ट्रेन लीव्ह्ज टुमॉरो’ म्हणतात. रूप वर्तमानाचे, गोष्ट उद्याची. ‘इफ आय हॅड मनी’ या वाक्यात ‘हॅड’ आहे म्हणून पैसे काल होते असे नव्हे. पैसे आत्ता नाहीत, एवढेच.

मौज अशी की आपल्याकडच्या जुन्या वैयाकरणांनी हा घोटाळा होऊ दिला नव्हता. पाणिनीने क्रियापदाच्या रूपांना भूत-भविष्य अशी नावे दिलीच नाहीत. लट्, लिट्, लुट्, लङ् अशी कोरडी चिठ्ठीवजा नावे दिली, आणि कोणते रूप कोणत्या वेळेसाठी वापरायचे हे वेगळे सांगितले. वर्तमानाला लागून असलेल्या भूतासाठी आणि भविष्यासाठीही वर्तमानाचे रूप चालते, असा नियम त्याने करून ठेवला आहे. आपल्या बसस्थानकावरचा ‘येतो’ त्या नियमात सहज बसतो. मराठीतही मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त रूपांची नावे प्रत्ययावरून आहेत : ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईलाख्यात. ‘आली’ हे लाख्यात. मग ती गाडी आलेली असो की वळणावर असो, रूपाचे नाव बदलत नाही. स्पर्धा परीक्षेची पोरे हे आख्यातविकार आजही घोकतात. त्याच टेबलावर इंग्रजीचे बारा काळही घोकतात. पण या वहीतली गोष्ट त्या वहीला लावून बघायची, हे कोणी त्यांना सुचवत नाही.

इंग्रजीचे पंडित तर आणखी पुढे गेले आहेत. ऑटो येस्पर्सन नावाच्या डॅनिश व्याकरणकाराने सांगून ठेवले की इंग्रजीला भविष्यकाळ नाहीच. रँडॉल्फ क्वर्क आणि मंडळींचे जाडजूड व्याकरण १९८५ साली निघाले, हडलस्टन आणि पुलम यांचे २००२ साली. त्यांतही क्रियापदाचे रूप बदलून होणारे काळ दोनच मानले आहेत, वर्तमान आणि भूत. ‘गो’चे ‘वेन्ट’ होते, पण उद्यासाठी ‘गो’चे कोणतेच रूप नाही. ‘विल’ हे मदतीला घेतलेले वेगळे क्रियापद आहे. बारा घरांच्या तक्त्यातून चार घरे एका फटक्यात गेली! उरलेल्या आठांतही खरे काळ दोन, बाकीची सगळी सहायक क्रियापदांची जुळणी.

मग बारा आले कुठून? आपल्याकडे ते रुजवण्यात रेन आणि मार्टिन या जोडगोळीच्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. १९३० च्या दशकात निघालेले हे व्याकरण अजून दुकानात मिळते. यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते, आणि ‘बो जेस्ट’ ही वाळवंटातल्या फौजेवरची त्यांची कादंबरी १९२४ साली जगभर गाजली. कादंबरी विसरली गेली, व्याकरण उरले. पुस्तक वाईट नाही, उलट फार नेटके आहे. पण ते इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलातल्या मुलांसाठी लिहिलेले होते. लोह्याच्या पोराच्या हाती ते मराठी गाइडांमधून, तक्त्यापुरते आटून आले.

आणि तक्त्याच्या मराठी बाजूला दुसरा एक सापळा आहे. मराठीच्या शालेय व्याकरणातही काळ बाराच आहेत : साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती, गुणिले तीन. इंग्रजीचेही बारा, मराठीचेही बारा. मुलाला वाटते, बारास बारा जुळवायचे. पण चौथी ओळ बघा. मराठीची रीती म्हणजे ‘मी लिहीत असतो’, नेहमीची सवय. इंग्रजीची चौथी ओळ म्हणजे ‘आय हॅव बीन रायटिंग’, आधी सुरू झालेली आणि अजून चालू असलेली गोष्ट. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. सवय सांगायला इंग्रजीला साधा वर्तमानकाळ पुरतो. उलट ‘मी दहा वर्षांपासून लोह्यात राहतो’ हे आपण साध्या वर्तमानात सांगतो, आणि इंग्रजीला तिथे ती चौथी ओळ लागते. म्हणून आपला माणूस शब्दाला शब्द ठेवत ‘आय लिव्ह इन लोहा फ्रॉम टेन इयर्स’ म्हणतो. ही चूक अडाणीपणाची नाही, दोन सारख्या दिसणाऱ्या कुलपांना एकच किल्ली लावण्याची आहे.

याहून मोठा घोळ ‘आहे’ने घातला आहे. मी मुलगा आहे : ‘ॲम’. मी जात आहे : पुन्हा ‘ॲम’. माझ्याकडे गाय आहे : ‘हॅव’. मी जेवलो आहे : पुन्हा ‘हॅव’. मराठीचा एक ‘आहे’ इंग्रजीत दोन क्रियापदांत वाटला गेला आहे, आणि मालकी दाखवणारे ‘हॅव’सारखे क्रियापद मराठीत मुळात नाही. मुलगा अंदाजाने एक उचलतो. निम्म्या वेळा बरोबर येते, म्हणून शिकवणाऱ्यालाही संशय येत नाही.

आता या तक्त्यातली मराठी कोणाची, हे विचारले पाहिजे. ‘तो जेवण करीत आहे’ असे लोह्यात कोण म्हणतो? इथे म्हणतात, ‘जेवायलाय’. काय करायलास? पोरं खेळायलेत. पाऊस पडायलाय. पुण्याकडचा माणूस ‘जेवतोय’ म्हणतो, पुस्तक ‘जेवत आहे’ म्हणते. नांदेड-लातूरकडच्या बोलीला चालू क्रियेसाठी स्वतःचे स्वतंत्र, ठसठशीत रूप आहे. ‘पाऊस पडतो’ आणि ‘पाऊस पडायलाय’ यांत सात वर्षांच्या पोराचीही गल्लत होत नाही. पहिले वाक्य मृगाबद्दलचे, दुसरे खिडकीबाहेरचे. इंग्रजीतला साधा आणि चालू वर्तमान यांतला फरक नेमका हाच आहे. म्हणजे जी गोष्ट शिकवायला आपण दोन महिने घेतो ती पोर घरून शिकून आलेले असते. पण बोली वर्गात आणली की आपण पहिल्यांदा तीच खोडतो. मग त्याला आधी पुस्तकी मराठी शिकवतो आणि तिच्या खांद्यावरून इंग्रजी दाखवतो. मी स्वतः ‘करायलाय’ या शब्दावर किती पोरांना टोकले असेल, त्याची मोजदाद नाही.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. निजामी राजवटीत या भागातले माध्यमिक शिक्षण उर्दूतून होते. उस्मानिया विद्यापीठ तर १९१८ साली उर्दू माध्यम घेऊनच सुरू झाले. तेव्हाच्या कंधार तालुक्यातले जे थोडे लोक शिकले, त्यांनी व्याकरण उर्दूतून शिकले. उर्दू व्याकरणात भूतकाळाला ‘माझी’ म्हणतात. आपल्या ‘माजी आमदारां’तला माजी तो हाच. त्या माझीचे प्रकार आहेत. ‘आया’ म्हणजे माझी मुतलक, नुसता भूत. ‘आया है’ म्हणजे माझी करीब, जवळचा भूत. ‘आया था’ म्हणजे माझी बईद, दूरचा भूत. नावातच समजूत आहे. ‘पूर्ण वर्तमानकाळ’ या नावाने मुलाच्या डोक्यात काय उजेड पडतो? जे पूर्ण झाले ते वर्तमान कसे, असा प्रश्न मात्र पडतो. ‘जवळचा भूत’ म्हटले की निदान दिशा कळते. ‘द बस हॅज लेफ्ट’ म्हणजे गाडी गेली आणि तिचा परिणाम आत्ता समोर आहे, स्थानक रिकामे आहे. म्हणूनच अशा वाक्यात इंग्रजी ‘यस्टर्डे’ हा शब्द शिरू देत नाही. मराठीत ‘ते मी काल केलंय’ खुशाल चालते, त्यामुळे ‘आय हॅव डन इट यस्टर्डे’ ही आपली ठरलेली चूक.

दूरच्या भूताचेही तसेच. ‘मी स्टँडवर पोचलो तेव्हा लातूर गाडी गेली होती.’ इथे तीन जागा आहेत : बोलण्याची, पोचण्याची आणि गाडी जाण्याची. हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ साली काळाची रूपे याच तीन बिंदूंवर बसवून दाखवली, आणि भाषाभ्यासक अजून तिथूनच सुरुवात करतात. गाडी चुकलेल्या माणसाला हे तीन बिंदू समजावून सांगावे लागत नाहीत. ‘होती’ आणि ‘हॅड’ ही शेजारी शेजारी ठेवली की काम होते.

आता सहायक क्रियापदे. खरी अडचण इथे आहे आणि खरी गंमतही इथेच. ‘तो जात असेल’ हे वाक्य घ्या. त्याचे तुकडे पाडा : जा, त, अस, एल. आता इंग्रजी : ‘ही विल बी गोइंग’. एल म्हणजे विल, अस म्हणजे बी, त म्हणजे इंग, जा म्हणजे गो. मराठी वाक्य शेवटून वाचत या, इंग्रजी वाक्य तयार. ‘इंग’ तेवढा ‘गो’च्या पाठीला चिकटतो, जसा आपला ‘त’ ‘जा’च्या. आरशात बघावे तसे हे आहे. मराठीत काळाचा भार शेवटच्या शब्दावर असतो, इंग्रजीत पहिल्या सहायकावर. आपण इंग्रजीचे वाक्य मराठीच्या क्रमाने ऐकतो आणि शेवटचे क्रियापद पकडून त्यावर काळ चढवतो. ‘डिड यू वेन्ट’ तिथे जन्मते.

त्या मुलाला द्यायला हवे होते ते उत्तर असे होते. इंग्रजी वाक्यात काळाचा शिक्का एकदाच बसतो, आणि तो रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या क्रियापदावर. पूर्वी कंडक्टर तिकिटाला एकदाच भोक पाडायचा, तसे. ‘यू वेन्ट’मध्ये क्रियापद एकटेच आहे, शिक्का त्याच्यावर. ‘डिड यू गो’मध्ये ‘डू’ पुढे आले, शिक्का त्याने घेतला, त्याचे ‘डिड’ झाले आणि ‘गो’ मोकळे राहिले. ‘ही गोज’, पण ‘डज ही गो’ : तो ‘एस’सुद्धा पुढच्याने उचलला. हा एक नियम. दुसरा असा की प्रत्येक सहायक आपल्या मागच्याला ठरावीक वेषात उभे करतो. ‘हॅव’च्या मागे तिसरे रूप, ‘बी’च्या मागे ‘इंग’चे रूप (कर्मणी असेल तर तिसरे), ‘डू’च्या आणि ‘विल’, ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ या मंडळींच्या मागे मूळ रूप. संपले. या दोन नियमांत बारा घरे बसतात, आणि तक्त्यात कधीच न दिसणारी ‘शुड हॅव गॉन’सारखी वाक्येही बसतात. मराठीही असेच करते, म्हणून हे नवीन वाटू नये. ‘जात नव्हता’मध्ये ‘जात’वर काळ नाही, तो ‘नव्हता’वर आहे. ‘गेला नव्हता जात’ असे कोणी म्हणत नाही.

‘डू’ला मराठीत काय म्हणायचे, हा प्रश्न उरतो. काहीच नाही. प्रश्न विचारायचा तर आपण शेवटी ‘का’ लावतो आणि मोकळे होतो. इंग्रजीतही पूर्वी हे लोढणे नव्हते. क्रियापद कर्त्याच्या आधी आणले की प्रश्न, मागे ‘नॉट’ लावले की नकार. ‘डू’ हळूहळू शिरला. शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही तऱ्हा सापडतात. म्हणजे ‘डू’ कशाला, असे विचारणारे पोर शेक्सपिअरच्या काळात अगदीच चुकीचे ठरले नसते. ‘विल’चेही मूळ ‘इच्छिणे’ या अर्थाचे आहे, ‘शॅल’चे ‘देणे लागणे’ या अर्थाचे. ‘हॅव’ तर सरळ मालकीचे : लिहिलेले पत्र माझ्याजवळ आहे, यावरून मी पत्र लिहिले आहे. आपण ‘टाकणे’, ‘बसणे’, ‘लागणे’ या कष्टाळू क्रियापदांना जसे मदतीला जुंपले (करून टाकलं, बोलून बसलो, रडायला लागला, आणि यात ना कोणी काही टाकले, ना कोणी कुठे बसले), तसेच त्यांनी केले. ‘आय’ला ‘शॅल’ आणि ‘ही’ला ‘विल’ या नियमासाठी आमच्या पिढीने छड्या खाल्ल्या. तो नियम जॉन वॉलिस नावाच्या गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला होता. आज इंग्लंडातही बोलताना बहुतेक लोक सगळीकडे ‘विल’ वापरतात. छड्या परत मिळत नाहीत, असो.

तो ‘डिड यू वेन्ट’वाला मुलगा मला पुढे भेटला, माळेगावच्या यात्रेत. लोह्याहून लातूरच्या वाटेवर हे गाव आहे. मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, घोड्यांचा, गाढवांचा, उंटांचा बाजार भरतो, आणि आंध्र, तेलंगण, कर्नाटकापासून माणसे येतात. आता तो चांगला बाप्या झाला होता आणि घोड्यांच्या व्यवहारात मध्यस्थी करत होता. एका तेलुगू व्यापाऱ्याशी तेलुगूत बोलला, दुसऱ्याशी दखनीत, कानडीत कोणाची तरी थट्टा केली, आणि मला बघून मराठीत म्हणाला, ‘सर, चहा घ्या.’ घोड्याने मागच्या वर्षी काय केले होते, आत्ता काय करतोय, रतीब नीट मिळाला तर पुढे काय करेल, हे सगळे तो चार भाषांत सांगत होता आणि समोरचा माणूस पैसे मोजत होता. या माणसाला आम्ही भाषेत नापास केले होते.

चहा पिताना मी त्याला तो एकदाच बसणाऱ्या शिक्क्याचा नियम सांगितला. इतक्या वर्षांनी का सांगावासा वाटला, सांगता येत नाही. त्याने कप खाली ठेवला, मनाशी दोनदा पुटपुटला. ‘डिड यू गो. डज ही गो.’ मग म्हणाला, ‘म्हणजे पुढचा बैल ओझं घेतो, मागचा नुसता चालतो.’ मी मान हलवली. ‘एवढंच होतं?’

तेवढ्यात कोणीतरी त्याला हाक मारली. ‘आलो!’ तो बसल्या बसल्या ओरडला. उरलेला चहा संपवला, माझ्या पाया पडला, ‘येतो सर’ म्हणाला आणि घोड्यांच्या गर्दीत निघून गेला.